अज्ञात कारागिराचा सज्जा

मन्सूर मिस्त्रींच्या घराबद्दल वारसा समितीने जो अहवाल लिहिला, त्यात एक वाक्य होतं : 'पहिल्या मजल्यावरील सागवानी सज्जा अंदाजे दीडशे वर्षांपूर्वीचा असून अज्ञात कारागिराच्या असामान्य कौशल्याचा नमुना आहे.' मिस्त्रींनी ते वाक्य तीनदा वाचलं. चष्मा काढला, बनियनला पुसला, आणि परत वाचलं. बहात्तराव्या वर्षी आपल्या कामाला कुणी असामान्य म्हटलं तर माणसानं खरं तर खूश व्हायला हवं. मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो अज्ञात कारागीर त्या वेळी त्याच सज्ज्यात पाटावर बसून, गार झालेला चहा शेजारी ठेवून, तो अहवाल वाचत होता.

घर रविवार पेठेतल्या एका बोळात. अरुंद, एकमजली, आणि लखलखीत ठेवलेलं. खाली रस्त्याच्या अंगाला एक गाळा, त्यात चाळीस वर्षांपासून बांगडीवाला भाडेकरू. मागे जिन्याखाली मिस्त्रींची हत्यारं. त्याच्याही मागे, शेजाऱ्याबरोबर सामाईक असलेल्या चौकात, संडास आणि न्हाणी. राहणं, जेवणं, झोपणं सगळं वर. वर जायला लाकडी जिना, इतका उभा की नवखा पाहुणा दोन्ही हातांनी दोर धरून चढतो. तीन पिढ्या त्या जिन्यानं धावत वर-खाली केलं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मिस्त्रींचे वडील अब्दुल करीम हेही सुतार. त्यांनी पोराला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे खिळा मारायचा नाही. लाकडाला लाकडानंच धरायचं, खाच पाडायची, तिच्यात दुसऱ्या लाकडाची जीभ बसवायची आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची. दुसरी म्हणजे कामावर बाहेरून नाव घालायचं नाही. नाव लिहायचं ते जिभेवर, सांधा बंद करण्याआधी, पेन्सिलीनं. "बाहेर काम दिसतं, तेवढं पुरे," अब्दुल करीम म्हणत. "आत नाव असावं, म्हणजे पुढं कुणी सांधा उघडला तर शिव्या कुणाला द्यायच्या ते कळतं."

पुढे प्लायवूड आलं, सनमायका आला, आणि मन्सूर मिस्त्रींची उमेदीची वर्षं कोथरूडच्या सोसायट्यांत किचन ट्रॉल्या ठोकण्यात गेली. खिळे मारले, स्क्रू पिळले, सगळं केलं. पोटासाठी केलं आणि त्याबद्दल घरी कधी बोलले नाहीत. पण शहाण्णव साली घराच्या जुन्या सज्ज्याला वाळवी लागली आणि एक महिरप कुणी हात न लावता खाली बोळात पडली, तेव्हा या माणसाच्या अंगात काहीतरी संचारलं. लोक म्हणाले, लोखंडी ग्रिल टाका, आठवड्यात काम होईल. मिस्त्रींनी कुणाचं ऐकलं नाही. पाडलेल्या घरांचं जुनं सागवान जुन्या बाजारातून हुडकून आणलं. कुजलेला एकेक तुकडा उतरवायचा, मापायचा, कागदावर उतरवून घ्यायचा, आणि तस्सा नवा करायचा. सुट्टीचे दिवस आणि सकाळचे दोन-दोन तास, असे आठ महिने. सुरूच्या झाडासारखे निमुळते सहा खांब, पाच महिरपी, खालचा कठडा. पटाशी, रंधा आणि गिरमिट, बस्स. यंत्र लावलंच नाही. पूर्ण झाला तेव्हा बोळातल्या म्हाताऱ्यांना तो जुन्यापासून ओळखता येईना. आयुष्यात मनासारखं एवढंच एक काम त्यांनी केलं होतं, आणि ते स्वतःच्या घराला केलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत हुस्नबानू स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या. हुस्नबानू म्हणजे मिस्त्रींची बायको. उर्दू शाळेत तीस वर्षं शिकवलेली, घरातल्या कुणाचंही शुद्धलेखन आजही तपासणारी बाई. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टरांनी सांगितलं, घरात हिंडा-फिरा, पण जिना कायमचा बंद.

आणि संडास खाली.

तेव्हापासून रोज सकाळी मिस्त्री आणि त्यांचा मुलगा तालिब हुस्नबानूंना खुर्चीत बसवून जिन्यानं खाली नेऊ लागले. पुढे बहात्तर वर्षांचे मिस्त्री, उलट्या पावलांनी. मागे तालिब. मग तालिब बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कामाला जायचा तो संध्याकाळीच परत. तो आला की दुसरी फेरी. मधले दहा-अकरा तास काय? तर हुस्नबानूंनी सरळ पाणी पिणं सोडलं. सकाळचा एक चहा, तोही अर्धा कप. आजारपणातली भोक असलेली खुर्ची होती घरात, पण नाइलाजाचे दोन आठवडे गेल्यावर त्यांनी ती माळ्यावर टाकायला लावली. "ज्या खोलीत रांधते, ज्या खोलीत नमाज पढते, त्याच खोलीत हे? मी माणूस आहे," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

जूनमध्ये त्यांना लघवीचा संसर्ग झाला. ताप चढला. डॉक्टर मिस्त्रींवरच ओरडले : बाईंना पाणी का देत नाही?

वर बाथरूम करायचं तर जागा एकच. मागचा चौक सामाईक, तिथे शेजारी वीटसुद्धा रचू देईना. राहिला पुढचा सज्जा. त्याचं डावं टोक, दोन महिरपींइतकं, बंद केलं की आत संडास-बाथरूम बसतं, आणि पाइप सरळ खाली रस्त्याच्या गटाराला जातो. आपलीच कारागिरी आपल्याच हातांनी मोडायची हे मिस्त्रींना जड गेलं नाही असं नाही. दोन दिवस ते सज्ज्यात बसायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी नकाशा काढला. घर तिसऱ्या श्रेणीच्या वारसायादीत असल्यानं अर्ज समितीकडे गेला, आणि समितीकडून पाहणीला नम्रता आली.

नम्रता तिशीतली आर्किटेक्ट. हुशार, मनापासून काम करणारी मुलगी. वाईट माणूस असती तर मिस्त्रींना भांडायला सोपं गेलं असतं. ती सज्ज्यात आली आणि खांबावरून हात फिरवत उभीच राहिली.

"काका, हे बघा," ती सुतारालाच सुतारकाम दाखवायला लागली. "एक खिळा नाही. पूर्ण सांध्यांवर उभं आहे. आता असं काम करणारी माणसं राहिली नाहीत."

"एक राहिलाय," मिस्त्री म्हणाले. "तुमच्यासमोर उभा आहे. हे मी केलंय, शहाण्णव साली."

नम्रता हसली. म्हाताऱ्या माणसांशी हसतात तशी, प्रेमानं. "तुमच्या घराण्यातल्या कुणीतरी केलं असेल ना? अभिमान वाटणारच. पण लाकडाचं वय बघा. टूलमार्क्स बघा. हे हातानं केलेलं, जुन्या पद्धतीचं काम आहे, काका."

"हातानं केलं म्हणूनच हातानं केल्यासारखं दिसतंय, बाई."

आतून वॉकर टेकत हुस्नबानू आल्या. "मुली, मी रोज यांना इथं चहा आणून देत होते. तीन-तीनदा गार व्हायचा. दीडशे वर्षांची दिसते का मी तुला?"

नम्रतानं हेही हसण्यावारी नेलं. आणि मग तो अहवाल आला. असामान्य कौशल्य, अज्ञात कारागीर, दीडशे वर्षं. सबब बदलास परवानगी नाकारण्यात येत आहे. पाइपाला तर नाहीच नाही.

मिस्त्रींनी अपील केलं. कचेरीत रंगराव नावाचे कारकून होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी फाइल उघडली. "मिस्त्री, तुम्ही केलंत हे मी मानतो हो. पण पुरावा? बिल, पावती काही?"

"स्वतःच्या घरचं काम केल्याची पावती मी स्वतःलाच फाडू?"

रंगराव ओशाळले. "मग एखादा फोटो?"

फोटो होता. अठ्ठ्याऐंशी सालचा, धाकट्या बहिणीच्या लग्नातला, घरासमोर काढलेला. जुना सज्जा त्यात स्वच्छ दिसत होता. मिस्त्री तो फोटो घेऊन सुनावणीला गेले, आणि तिथेच फसले.

समितीचे पाच जण लांबलचक टेबलापलीकडे बसले होते. अध्यक्षांनी अठ्ठ्याऐंशीचा फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी-शेजारी ठेवला. कमानी मोजल्या. खांब मोजले. "मिस्त्री, हा तर तोच सज्जा आहे."

"तोच नाही साहेब. तसाच आहे."

"फरक दाखवा."

मिस्त्रींनी दोन्ही फोटो जवळ घेतले. बराच वेळ बघितले. फरक नव्हता. फरक राहू नये म्हणूनच त्यांनी आठ महिने घालवले होते. "फरक दिसणार नाही," ते शेवटी म्हणाले. "दिसला असता तर मी सुतार कसला?"

टेबलापलीकडे कुणीतरी खोकलं. एक सदस्य दुसऱ्याच्या कानाशी लागला. अध्यक्षांनी अगदी सभ्य आवाजात सांगितलं की घरच्या अडचणीबद्दल समितीला सहानुभूती आहे, पण अडचणीपायी मूळ वास्तूला नवी म्हणून दाखवण्याचे प्रकार वाढले आहेत. म्हणजे खोटारडा म्हणाले. सभ्य आवाजात, पण खोटारडाच म्हणाले. आयुष्यभर कुणाच्या लाकडात इंचाची चोरी केली नाही त्या माणसाला.

त्या संध्याकाळी जिन्यावरून खुर्ची उतरवताना मिस्त्रींचा पाय पायरीवरून निसटला. खुर्ची एका अंगाला कलली. हुस्नबानूंनी नवऱ्याचा शर्ट घट्ट पकडला. खाली पोचल्यावर तालिब म्हणाला, "अब्बा, हे असं आपण किती दिवस करणार? तुम्ही पडलात तर मी दोघांना कसं उचलू?"

उत्तर सज्ज्यात होतं, आणि ते मिस्त्रींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डावीकडून तिसरा खांब. बाकी सगळे सांधे असे बसलेले की मधे केस जाणार नाही. पण त्या तिसऱ्या खांबाची खाच शहाण्णव साली त्यांच्या हातून किंचित रुंद पडली होती. पटाशी जरा जास्त गेली. नवं लाकूड आणायची ऐपत त्या महिन्यात नव्हती, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्याची घडी करून फटीत सरकवली आणि वरून खुंटी ठोकली. कागदानं सांधा घट्ट करणं म्हणजे सुतारानं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ फेकणं. वडील असते तर त्यांनी मारलं असतं. ही गोष्ट मिस्त्रींनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती. त्या खांबाकडे पाठ करून बसायची त्यांना सवयच लागली होती.

आता तीच लाज चव्हाट्यावर मांडायची होती. आणि त्यासाठीही परवानगी हवी, कारण वारसायादीतल्या लाकडाला हात लावणं गुन्हा. रंगरावांकडच्या छापील अर्जात तीनच रकाने होते : दुरुस्ती, बदल, पाडकाम. 'सांधा उघडून दाखवणे' असा रकाना नव्हता. रंगरावांनी डोकं खाजवलं, दुरुस्तीवर खूण केली आणि खाली बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या. एवढ्या दोन ओळींवर विचार करायला समितीला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत हुस्नबानूंना पुन्हा एकदा ताप आला.

ठरल्या दिवशी नम्रता आली, आणि तिच्याबरोबर समितीतले एक दाढीवाले तज्ज्ञ, गळ्यात कॅमेरा. मिस्त्रींनी आधी पहिला खांब उघडला, कारण तिसरा उघडायची वेळ येऊ नये अशी त्यांची इच्छा होती. खुंटी बाहेर काढली, कठडा हलक्या हातानं सरकवला. लाकडाची जीभ बाहेर आली. तिच्यावर पेन्सिलीनं, काल लिहिल्यासारखं स्पष्ट : 'मन्सूर अ. करीम, १९९६. चहा तीनदा गार.'

नम्रताच्या तोंडून "अरे!" निघून गेलं. तिनं मिस्त्रींकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं.

तज्ज्ञ वाकले, फोटो काढला, सरळ झाले. "पेन्सिलीचं काय आहे, नाव कुणीही लिहू शकतो. जुना सांधा दुरुस्तीसाठी उघडला असेल आणि तेव्हा लिहिलं असेल. याला पुरावा म्हणता येणार नाही."

माणूस समोर उभा. त्याचं नाव आत लिहिलेलं. आणि म्हणे पुरावा नाही! मिस्त्रींना वाटलं, पटाशी खाली ठेवावी आणि या दोघांना जिना दाखवावा. पण आतल्या खोलीत हुस्नबानू पलंगावर बसून होत्या. समोरचा पाण्याचा तांब्या भरलेलाच होता. मिस्त्री तिसऱ्या खांबापाशी गेले.

खुंटी निघाली. जीभ बाहेर आली तशी तिच्यासोबत पिवळी पडलेली घडीही आली. मिस्त्रींनी ती उलगडली. क्रिकेटच्या बातमीचा अर्धा तुकडा, वर पानाची कड, आणि कडेवर छापलेली तारीख : मार्च १९९६.

"हा का घातला होता?" तज्ज्ञांनी विचारलं.

"खाच रुंद पडली होती," मिस्त्री म्हणाले. "माझी चूक झाली होती." हे बोलताना त्यांचे कान तापले.

"उत्तम! खाच मुळातच रुंद, म्हणजे कागद सांधा पहिल्यांदा बसवतानाचाच, आणि तारीख छापलेली!" तज्ज्ञ खूश झाले. तुकड्याचे त्यांनी सहा फोटो काढले, पुढून, मागून, मोजपट्टी ठेवून. नावाचा एकच काढला होता.

पंधरा दिवसांनी कचेरीतून बोलावणं आलं. परवानगी मिळाली होती. रंगरावांनी पत्र पुढे सरकवलं आणि ते का कोण जाणे फाइलींच्या गठ्ठ्याकडे बघत बसले. मिस्त्रींनी वाचलं. 'सदर सज्जा सन १९९६ मधील नक्कल असल्याचे सिद्ध झाले असून त्यास कोणतेही कलात्मक अथवा वारसामूल्य नाही. सबब तो काढण्यास अथवा बदलण्यास हरकत नाही. उपरोक्त निष्कर्ष मान्य असल्याबद्दल अर्जदाराने खाली स्वाक्षरी करावी.'

नम्रता तिथेच होती. मिस्त्रींनी पत्र तिच्यासमोर धरलं.

"बाई, पाच महिन्यांपूर्वी हेच लाकूड असामान्य होतं. याच महिरपी. हेच खांब. तुम्ही हात फिरवत उभ्या होता, मी बघितलंय. आज याला मूल्य नाही. कलात्मकसुद्धा नाही! मधल्या काळात सज्ज्याचं काय बिघडलं? काही नाही. एवढंच झालं, की करणारा जिवंत निघाला. मी मेलो असतो तर थोर कारागीर होतो. जिवंत आहे म्हणून नक्कल करणारा!"

कचेरीतल्या चार माना वळल्या. नम्रताचा चेहरा उतरला. "काका, ते वाक्य माझं नाही. मी विरोध केला होता. समितीच्या नियमांत वयच मोजतात." ती थांबली. "तुम्हाला हरकत घेता येते. वाक्य बदलून मागा. मी तुमच्या बाजूनं लिहून देईन, खरंच देईन."

"आणि हरकत घेतली तर?"

"प्रकरण परत समितीपुढे जाईल. सहा-आठ महिने लागतील."

"आणि तुमचं ऐकलं, मूल्य आहे असं ठरलं, तर?"

नम्रतानं रंगरावांकडे पाहिलं. उत्तर रंगरावांनी दिलं, मान खाली घालूनच. "तर मग बदलाला परवानगी नाही, मिस्त्री."

म्हणजे असं होतं. काम चांगलं आहे म्हणावं, तर बायकोनं तहानलेलं राहावं. बायकोनं पाणी प्यावं, तर काम कवडीमोल आहे असं स्वतःच्या सहीनं लिहून द्यावं. असला कायदा ज्या कुणा शहाण्यानं केला असेल, त्याला त्या उभ्या जिन्यावरून एकदा, फक्त एकदा, खुर्चीत बसवून खाली न्यायला हवं होतं. पुढून मिस्त्रींनी आणि मागून तालिबनं.

"पेन द्या," मिस्त्री म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी पत्र हुस्नबानूंच्या हातात दिलं आणि ते हात धुवायला गेले. परत आले तेव्हा हुस्नबानूंचं वाचून झालं होतं. चष्म्यामागचे डोळे लाल झाले होते.

"कलात्मक मूल्य नाही?" त्या म्हणाल्या. "यांना कळतं तरी काय कला म्हणजे? आठ महिने माझ्या डोळ्यांदेखत केलंत तुम्ही. तुमची बोटं सोलवटलेली असायची, मी हळद लावायची." त्या वॉकर धरून उठायला लागल्या. "फाडून टाका हे. मला नको असली परवानगी. मी जाईन खुर्चीतून, नाही तर पिणार नाही पाणी, आजवर मेले का? पण तुम्ही हे असलं मान्य करायचं नाही. सही करायची नाही, सांगून ठेवते."

"केली," मिस्त्री म्हणाले.

हुस्नबानू उभ्या होत्या तशाच राहिल्या. त्यांना नवऱ्यावर ओरडायचं होतं आणि रडायचं होतं, आणि दोन्ही एकदम करता येईना.

मिस्त्रींनी मापाची पट्टी आणि पेन्सिल घेतली. सज्ज्याच्या डाव्या टोकाला जाऊन ते गुडघ्यावर बसले, पहिल्या खांबापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं, भिंतीवर एक रेघ मारली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. आवाज मात्र चढला होता.

"वॉकर घेऊन वळायला तुला जागा लागेल. दार आत उघडू की बाहेर? नीट विचार करून सांग, हुस्ना. एकदा बसवलं की मी बदलून देणार नाही."